अंगठ्याचं नख

शेफील्डमध्ये, जानेवारीतल्या एका शनिवारी,
ट्रॅम चुकली म्हणून
मी स्टॅनिफर्थच्या दुकानात शिरले.
खोटं कशाला बोलू, चुकू दिली.
तीन आठवडे काचेबाहेरून बघत होते त्याला:
मिटलेला, बोटभर लांब,
मेंढ्याच्या शिंगाची मूठ,
मधात धूर कालवावा तसा रंग.

चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेलं, तीनशे ऐंशी.
एकोणीस वर्षं झाली या देशात
तरी डोक्यातला वाणी गुणाकार करतोच.
चाळीस हजार!
चाळीस हजारांचा चाकू, आणि तोही मिटणारा.
घरी ओट्यावर आहे की एक, पिवळ्या मुठीचा,
तीन पौंडांचा. टोमॅटो आधी चेंगरतो,
मग चिरतो, पण चिरतो.

"कापायचं काय असतं तुम्हाला?" म्हातारा विचारतो.
पार्सलची चिकटपट्टी, म्हणते मी.
दुपारच्या सुट्टीतलं सफरचंद.
जूनमध्ये लेस्टरहून आंब्याची पेटी येते,
तिच्यावरची सुतळी.
खरं तर काहीच नाही.
मी एक्स-रे काढते.
माणूस न उघडता आतलं बघायचं,
एवढंच येतं मला.

तो हसत नाही. म्हणतो,
चाकू चालला पाहिजे आणि बोलला पाहिजे.
आणि उघडून दाखवतो:
अर्ध्यावर एक टक्, क्षणभर थांबा,
मग पुरता टक्क.
जीभ टाळ्याला लागून सुटावी तसा.
पातं तीन इंचांच्या आत आहे, अडकत नाही,
कायद्यात बसतं, हेही सांगतो न विचारता,
माझ्याकडे बघून
की सगळ्यांनाच सांगतो, कळत नाही.

आमच्या विळीचं पातं उभंच्या उभं.
ते हलायचं नाही. आपण मांडी घालून
त्याच्यापुढे बसायचं,
दुधी त्याच्याकडे न्यायचा.
धार कोणी लपवत नसे,
काम झालं की आडवी करायची, एवढंच.
हा मात्र स्वतःची धार स्वतःच्याच पोटात घेऊन
खिशात राहणार,
किल्ल्या नि रुमालाशेजारी, गुण्यागोविंदाने.

मग मी भागाकाराला बसते.
श्रीरंगने गाडी अशीच गळ्यात मारली होती माझ्या:
"दिवसाला किती पडते ते बघ ना."
बघू. आता छप्पन्न. ऐंशी धरू.
चोवीस वर्षं, म्हणजे पावणेनऊ हजार दिवस,
दिवसाला चार पेन्स आणि वर काहीतरी.
स्वस्त आहे की!

हीटर गुरगुरतो आहे.
चाकूची किंमत काढता काढता
हे काय मोजून बसले मी?
पावणेनऊ हजार.
आकडा मनात दोनदा म्हणून बघते.
तसा वाईट नाही.
लेस्टरच्या चोवीस पेट्या.

"मी उघडून बघू?"
हातात घेतल्यावर कळतं, वजन मागच्या बाजूला आहे,
झोपलेल्या मांजरासारखं.
पात्यावर नखापुरती खोबण, चंद्रकोरीएवढी.
अंगठा लावते. घसरतो.
पुन्हा लावते. स्प्रिंग ताठ,
आणि माझी नखं पार मुळाशी कापलेली,
पेशंटला लागू नयेत म्हणून, वर्षानुवर्षं.
तिसऱ्यांदा बोट लाल होतं, पातं जागचं हलत नाही.

स्टॅनिफर्थ चाकू परत घेतो,
फडक्याने माझे ठसे पुसतो.
"नख वाढू द्या. मग या."
"आणि तोवर कोणी नेला तर?"
"तर दुसरा करीन. मे उजाडेल."

आज बुधवार. काल रात्री
दिव्याखाली बसून नऊ नखं कापली.
ग्लोव्हमध्ये दहावं जरा टोचतं.
श्रीरंग म्हणाला, अगं, हे एकच राहिलं.
म्हटलं, राहू दे.