‘ळ’चा खण

आडा बाजारामागे आमचा छापखाना.
पोस्टरची अक्षरं लाकडी, पंजाएवढी.
कुस्त्या, सर्कस, साबण, सगळं हिंदीत;
रोज सगळे खण उघडायचे
एक सोडून.

संक्रांतीआधी कुंदाताई बक्षी आल्या.
मजकूर एका ओळीचा :
तिळगूळ समारंभ, रविवारी सहाला.
किती दिवसांनी ओढला मी तो खण.
अक्षरं होती तशीच, शाई वाळलेली, गाठ ठसठशीत.
चौकटीत बसवून किल्ली आवळली
आणि दोन्ही ळ
पापडासारखे चुरले.

आत लाकूड नव्हतंच.
ओली माती, आणि उजेडाला बिचकून
सैरावैरा पळणारी पांढरी वाळवी.
भिंतीतून बोटभर वाट बांधून आली होती.
शेजारचा ल तिनं चाखलासुद्धा नाही,
तो रोज हलायचा ना.

रामस्वरूप म्हणाला, ‘ल ठोक दो भैया, कौन पढ़ता है.’
कुंदाताई काही बोलल्या नाहीत.
चष्मा पुसत राहिल्या.

मग मी डाव्या पायातली स्लीपर काढली,
टाचेकडचं रबर जाड असतं,
ब्लेडनं उलटा ळ कोरायला बसलो.

दोन हवे होते.
घरी अनवाणी गेलो.