झाकण

नवतपाचा चौथा दिवस. मेडिकल चौकात डांबर
चप्पल धरून ठेवतंय.
प्रयोगशाळेत एसी बंद, कुलर चालू,
वाळ्याचा ओला वास,
आणि माझ्यासमोर बर्फात चार नळ्या.

पहिली चंदाबाई बारापात्रे, पाचपावली.
काल रात्रीपासून तिच्या आत कुणीतरी आहे.
तिला माहीत नाही, नवऱ्याला नाही,
सासूलासुद्धा नाही, जिला सगळं आधी कळतं.
मला कळलंय.
काचेवर पेशी एकमेकींना बिलगून
फुलांसारख्या गोल बसतात, ती फुलं मी मोजते.
कमी भरली तर दिवस राहिले.
जुनी पद्धत, डोळे फोडणारी.
सर म्हणतात, याला मशीन नाही, काटोले बाई,
तुम्ही आहात.

दुसरी नळी गोवर्धन निखारे, वय बेचाळीस.
फुलं कमी.
पुन्हा मोजली. नाव पुन्हा वाचलं.
मिशी आहे, रक्त घेताना मीच पाहिली.
सर हसले. या माणसानं मागच्या सोमवारी
अर्धं यकृत बहिणीला दिलं,
उरलेलं अर्धं आता वाढतंय,
आणि वाढ म्हटली की हेच प्रथिन
न बोलावता हजर.
वॉर्डात जाऊन सांगितलं तर
टाके धरून हसला,
"काहून जी मॅडम, मी का दोन जिवांचा आहो का?"

तिसऱ्या नळीवर नाव नाही, फक्त गाठीच्या वॉर्डाचा नंबर.
तिथंही फुलं कमी.
कोणती वाढ हवी, कोणती नको,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मूळचं काम त्याचं घरगुती.
प्रत्येक पेशीत एक पिंप असतं,
आत चुरगळलेलं काहीतरी,
हे वरून झाकण लावतं.
अंधारात घडी नीट बसते, मग झाकण निघतं.
ताप चढला की झाकणं वाढतात.
शेहेचाळीस अंशांच्या गावात
हे समजायला पदवी लागत नाही.

माझी आई इतवारीत साड्यांच्या दुकानात
घड्या घालायची.
गिऱ्हाईक बारा साड्या उलगडून निघून जाई, आई बसे घालत.
तिनंच चहा करायचा, तिनंच उधारी लिहायची,
मालकाची सून अडली तेव्हा
रात्रभर तिचा हात धरून तीच.
पगार घड्यांचा.

चौथी नळी माझी.
तुलनेला रिकाम्या बाईचं रक्त लागतं,
दोन वर्षं झाली, ते मी देते.
या गावातले किती गर्भ
माझ्या नसण्याशी ताडून पाहिले.

आज फुलं कमी.

पहिल्यांदा मनात आलं, आपलं यकृत शाबूत आहे ना.
मग कुलरमध्ये पाणी भरून आले.
वहीतली ओळ कोरी ठेवली.
घरी बोलले नाही. पाच दिवस
स्कूटी खड्ड्यांना वळसा घालून चालवली,
सावजीचा रस्सा नको म्हटलं तर
नवरा म्हणाला, ऊन लागलं तुला.

नवतपा संपला त्या दुपारी
काच फुलांनी गच्च.
एकशे अठरा.
उलट्या बाजूनं मोजली. एकशे अठरा.
इतक्या फुलांचं करायचं काय असतं?
वहीत लिहिलं: नमुना चार, तुलनेस योग्य.

गोवर्धन टाके काढायला आला होता.
बहीण आज वरणभात जेवली म्हणे.
मला विचारलं, "तुमचं कसं काय, मॅडम?"
मी म्हटलं, ठीक.
ते खोटं नव्हतं पूर्ण. बाहेर शेहेचाळीस पॉइंट दोन,
आणि आत, मला न विचारता,
एकेका पिंपावर झाकण बसत होतं.

डिकीतून दुपट्टा काढला.
घड्या उलगडल्या,
तोंडाला बांधला.