पुडीत काय होतं

चौथ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले.
आधी वाटलं, गोदामातली हळद असेल.
इतवारीत एकवीस वर्षं जडीबुटी तोलतो मी,
अंगाला काहीबाही चिकटतंच.
मग भाताच्या वासानं मळमळलं.

मेडिकलला ताजणे मॅडमनी
रिपोर्टवर निळ्या पेननं गोल काढला : सहाशे बारा.
"टीबीच्या गोळ्या बंद. चारही. आजपासून."
छातीतला खोकला ज्यांनी थांबवला
त्यांनीच खालच्या मजल्यावर आग लावली होती.
"यकृत," त्या म्हणाल्या.
बायकोला मी बाहेर येऊन सांगितलं, कलेजी.
ती म्हणाली, म्हणजे काळीज?
आणि तिचा हात डावीकडे गेला.
खाटीक सोडला तर
सगळ्यांचाच हात डावीकडे जातो.

लिऊबाई दर हिवाळ्यात ज्येष्ठमध न्यायला येते.
सदरच्या चिनी दातवाल्याची बायको,
तो गेला, खुर्ची अजून आहे म्हणते.
"काऊन रे बावणे, हयदीच्या पोत्यात पडला का?"
सांगितलं सगळं.
तिसऱ्या दिवशी पुडी घेऊन आली,
सुतळीनं बांधलेली,
आत एक तेलकट कागद, उभ्या ओळींचा.
"सासूच्या हातचा हाय. पिवये डोये दिसले का
हेच उकयायची. तीन वाट्याची एक वाटी कर."
काय लिहिलंय यात?
"मले का वाचता येते?
मी मोहननगरात जन्मली, बाप्पा."

मॅडम फोनवर म्हणाल्या, नावं सांगा.
नाव नाही तर घ्यायचं नाही.
औषधानं काय होतं
ते तुम्ही पाहिलंय ना आत्ताच?

शटर अर्धं ओढून
पुडी तराजूवर सोडली.
ज्येष्ठमध. आमचाच, गेल्या पौषात मीच तोललेला.
संत्र्याची साल, तिच्या गच्चीवर वाळलेली,
काळी पडलेली, तरी नखानं दाबली की बोलते.
एक सुकी काडी, दवण्यासारखी,
पण दवणा नव्हे, त्याची लांबची बहीण.
आणि लाल, सुरकुतलेले दाणे.
नाकाला कळेना. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
एक जिभेवर ठेवला.
आंबट. थांबलो. गोडसर. मग तिखट, मग कडू,
आणि शेवटी मीठ,
घाम ओठावर आल्यासारखं.
पुडी परत बांधली. उकळली नाही.
एका दाण्याचं मॅडमना सांगितलं.
त्यांनी फाइलमध्ये लिहिलं : लाल दाणा, एक.

तीनशे चाळीस. पुढल्या वेळी शहाण्णव.
आता गोळ्या पुन्हा सुरू, एकेक करून,
नव्या सुनेला एकेक खोली दाखवावी तशा.

लिऊबाई काल आली.
चष्मा डोक्यावर सरकवून
माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली,
दात पाहणाऱ्या घरातली सवय.
"पाह्य, उतरलं का नाही? सासूचं कधी खोटं नाही झालं."
मी काही बोललो नाही.
पाव किलो ज्येष्ठमध तोलला
आणि काटा तिच्या बाजूला झुकू दिला.

दुकानात एकशे अठरा खण आहेत.
प्रत्येकावर खडूनं नाव.
मागच्या रांगेतल्या एकावर नाही.
मालक विचारतात, यात काय आहे रे?
मी म्हणतो, अजून कळायचंय.