डाग

आमच्या हुपरीत डाग म्हणजे कलंक नव्हे.
डाग म्हणजे दोन टोकं एकमेकांना कायमची देणं.
आई चहाआधी गॅसची फुंकणी पेटवते,
सवागीचं पाणी, चिमटा, वाटीत चांदीचा कीस,
आणि कडी जवळ ओढून म्हणते, ये बाई.
मजुरी किलोवर.

मी साडेआठची एसटी धरते.
राजारामपुरी, सातवी गल्ली, झेरॉक्सच्या वरचा मजला.
तिथं मीही कड्याच जोडते,
नगावर. दिवसाला चाळीस.

धैर्यशील सर पहिल्या दिवशी म्हणाले,
हे बघ, गुळाच्या सौद्याला नवखा माणूस गेला
की आधी विचारतात, कुणी धाडलं?
नाव सांगितलं की खुर्ची मिळते.
वेबसाइटचंही तसंच. दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव घ्यायला पाहिजे.
मला पटलं.
फक्त ते दुसरं कुणीतरीही आम्हीच,
हे कळायला आठवडा गेला.

गिऱ्हाईक होते भूपाल मगदूम : पैंजण, तोडे, वाळे.
आईच्या कड्या ज्यांच्या तराजूत पडतात, तेच.
त्यांचं नाव मी घेतलं
कुत्र्यांच्या बिस्किटांच्या पानावर,
पोलंडातल्या दातांच्या दवाखान्यात,
घटस्फोटाच्या सल्ल्यात, बाराव्या ओळीला :
‘अशा वेळी पैंजणही मनाला उभारी देतं.’
कधी मी सुदर्शन होते, कधी मिसेस डिकॉस्टा.
एकदा तर वारलेल्या एका माणसाची वेबसाइट.
पोरांनी भाडं भरलं नाही, सरांनी लिलावात घेतली.
त्याच्या आंब्याच्या कलमांच्या नोंदी मी पुसल्या
आणि मधोमध मगदुमांना बसवलं.
त्या रात्री जेवण गेलं नाही, असं काही नाही.
गेलं. दोन भाकरी.

दुकान वर चढलं.
चौथ्या पानावरून पहिल्यावर.
मगदुमांनी वाडीची बासुंदी पाठवली ऑफिसात.

मग एका मंगळवारी गुगलनं टंच काढला.
सकाळी आम्ही पहिल्या पानावर होतो,
दुपारी कुठंच नव्हतो.

मगदूम स्वतः जिना चढून आले.
ओरडले नाहीत. खुर्ची ओढली.
पोरी, तू आक्काताईची न्हवं?
कुठं कुठं नाव सांगितलंस माझं, दाखव.
मी दाखवत गेले. कुत्रं. दात. घटस्फोट.
चष्मा कपाळावर सारून ते वाचत राहिले, बराच वेळ.
ह्यातल्या एकानं तरी
आमचं पैंजण हातात धरलं होतं काय गं?

पुढचे तीन महिने मी कड्या तोडत बसले.
जोडायला लागतो त्याहून वेळ जास्त,
मजुरी निम्मी.
यादीच्या अगदी तळाला एक सापडली,
सुदर्शनची नाही, मिसेस डिकॉस्टाची नाही.
निपाणीच्या सत्यभामा निलजगी, नाच शिकवतात.
वर्गाच्या वेळा, फी, गुरुवारी सुट्टी,
आणि खाली, शुद्धलेखन न तपासता :
‘कार्यक्रमाला पैंजण हुपरीच्या मगदुमांचेच आणणे.
माझे सतरा वर्षे झाली. एक कडी सुटली नाही.’

सतरा वर्षांपूर्वी मगदुमांकडं
डाग द्यायला तीनच बायका होत्या.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं.
तिनं ज्योत कमी केली नाही, मान वर केली नाही.
हिचे किती मिळाले तुला?
काहीच नाही. ही मी जोडलेली नाही.
मग कुणी?

चिमट्यातली कडी लाल झाली,
पाण्यात गेली, चर्र.
आईनं ती बल्बाखाली धरून फिरवली,
नखानं चाचपली,
कुठं जोड लागतोय का, बघायला.