जरा वेळानं या

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या माडीवर,
जिथं खालच्या भट्टीनं फरशी थंडीतही कोमट असते,
तिथं मेलचा सर्व्हर सांभाळते मी.
अनोळखी कुणी पहिल्यांदा आलं
की माझ्या वतीनं तो सांगतो,
चारशे एक्कावन्न. जरा वेळानं या.

नाही म्हणत नाही.
तीनच गोष्टी टिपून घेतो:
कुठनं आलात, कोण आपण, कुणाकडं काम.
पत्राला हात लावत नाही.

मगदूम मालकांना हे पटेना.
"अगं, दारातल्या माणसाला जेवून जा म्हणणारं गाव हे,
आणि तू परत धाडतीस?
पुण्यात शिकलीस म्हणून काय?"
म्हटलं, मालक,
लॉटरीवाल्याला रात्रीत लाख दारं उरकायची असतात,
तो दुसऱ्यांदा येत नाही.
ज्याला आपलंच दार हवं
तो पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजवतो.

कोइमतूरच्या पंपवाल्यांची ऑर्डर अडकली त्या दिवशी
चहाचा कप घेऊन ते माझ्या खुर्चीमागं उभे.
आलं का?
आलं का गं?
सतराव्या मिनिटाला आलं.
"आलास गा भावा," ते स्क्रीनला म्हणाले,
आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

कचरा चारशेवरनं तीसवर आला.
मी खूश होते.

मग एका सकाळी लॉग चाळताना एक ओळ.
मंगळवार, रात्री दोन सत्तेचाळीस.
रुबिना, पुढं कुठलंसं छोटं डोमेन.
पॅटर्न शॉपमधल्या तांबोळींसाठी.
एकदा आलं. नंतर नाही.

कचराही नावं घालून येतो, माहीत आहे मला.
पण काही साध्या सर्व्हरना
परत वाजवायचं कुणी शिकवलेलंच नसतं.
आत काय होतं, सांगता येणार नाही.
ते आत आलंच नव्हतं.

खाली गेले. तांबोळी सागवानाच्या फळीवर रंधा मारत होते.
मेल कधी उघडत नाहीत ते,
आपल्याला कोण लिहितंय, पोरी.
विचारलं, रुबिना कोण?

रंधा थांबला.
"कुठं बघितलंस हे नाव?"

सांगितलं. चारशे एक्कावन्न सांगितलं,
जरा वेळानं या सांगितलं,
मीच सांगितलं होतं, हेही.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा तिथंच खोचली.
"परत आलं तर बघ," म्हणाले.

वर येऊन ते नाव ओळखीच्या यादीत टाकलं. आता थांबणं नाही.
जिन्यातनं ऐकू येत होता रंधा,
त्याच फळीवर,
जी मघाशीच गुळगुळीत झाली होती.