सेकंदाचा चौथा हिस्सा

सर म्हणाले, एकच विषय घ्या
आणि त्याला दहा तऱ्हांनी छळा.
म्हणून मी सासवडहून पहिल्या बसनं निघते,
मांडीवर कॉलेजचा कॅमेरा
(सही करून घेतलेला, सोमवारी सकाळी परत)
आणि जुन्या बाजारातून चारशेला उचललेली लेन्स,
जिच्या पोटात बुरशीचं बारीक जाळं आहे.
विकणारा म्हणाला होता, ताई, ते फोटोत येत नाही.
येतं.
उजेडाकडे तोंड केलं की येतं.

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते.
वडकेकाका पाय पसरून बसलेले,
खरवईवर पातेलं, पातेल्यावर मठार,
एकाशेजारी एक, जराही न चुकता.
मला म्हणाले, काढ काय काढायचं ते,
फक्त मला हस म्हणू नकोस.

आधी सेकंदाचा हजारावा भाग.
हातोडा हवेत थांबला,
इतका, की दांड्याला गुंडाळलेल्या चिंधीचे धागे मोजावेत.
मी जरा ऐटीतच स्क्रीन पुढे केली.
काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"यात मी काम कुठं करतोय?
हा नुसता हातोडा उगारून बसलेला माणूस.
कुणाला मारणारे?"

मग अर्धा सेकंद. ट्रायपॉड नव्हता,
उपड्या घंगाळावर ठेवला कॅमेरा,
तर ठोक्यागणिक घंगाळ थरथरलं
आणि फोटोत सगळी आळी दोनदा आली.

मग एकावर एक दोन चित्रं:
चेहऱ्यावर पातेल्याचा पत्रा.
काका म्हणाले, देवी आल्यासारखं दिसतंय,
आमच्या आजोबांना आल्या होत्या,
आणि मग तो फोटो त्यांनी जास्तच वेळ पाहिला.

उन्हं दाराबाहेर सरकली तेव्हा
मी कोपर गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला,
सेकंदाचा चौथा हिस्सा.
भांडं जागच्या जागी.
हात मात्र पंख्यासारखा उघडलेला,
आणि टोकाला जिथं हातोडा असायला हवा
तिथं तांब्याच्या रंगाचा धूर.
काका काही बोलले नाहीत.
आत हाक मारली, "अगं, हे बघ."

रात्री लॅबमध्ये मी एकटी, एसी नको इतका गार.
सावल्या उचलल्या, उजेड दाबला,
तांब्याला थोडा जास्त तांबडा केला.
विजेची वायर पुसली. सहकारी बँकेचं कॅलेंडर पुसलं.
डाव्या अंगठ्याचं काळं नख
एका क्लिकमध्ये गुलाबी झालं,
कारकुनाचं असतं तसं.
दाराशी काहीतरी पांढुरकं होतं, तेही पुसलं,
काय आहे ते न बघता.

बुधवारी प्रिंट घेऊन गेले.
काकांनी फोटोतल्या अंगठ्यावर
स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.
"हा कुणाचा?"
मी म्हटलं, स्वच्छ केलाय.
"घाण होती होय," म्हणाले, रागानं नाही,
"अकराव्या वर्षी पहिल्यांदा गेलं हे नख.
मग यायचं, जायचं.
आता कंटाळलंय, येतं ते काळंच येतं."
आणि पुन्हा ठोकायला लागले,
कारण संध्याकाळी पातेलं न्यायला माणूस येणार होता.

परत लॅब. परत तेच चित्र.
एकेक पायरी उतरत मागे गेले:
कॅलेंडर भिंतीवर परतलं, चुकीच्या महिन्यावर उघडलेलं,
वायर लोंबली,
नख काळं झालं,
आणि दाराशी ते पांढुरकं
पुन्हा फुललं, माझ्याच लेन्समधली बुरशी,
चारशे रुपयांची.
तिथं थांबले. तांबडा रंगही काढून टाकला.

सरांनी विचारलं, नऊच तंत्रं आहेत, दहावं?
मी म्हटलं, ते करून काढून टाकलं.
त्यांनी मार्क कापले. बरोबरच आहे.

दुसरा प्रिंट आता काकांच्या मीटरखाली
खिळ्याला सुतळीनं टांगलेला असतो.
प्रत्येक ठोक्याला तो किंचित हलतो.
परवा मी त्याचाच फोटो काढायला गेले,
तोच वेग, तीच लेन्स.
अख्खा हलून आला,
चौकटीसकट.