नऊ नंबर

सांवेर रस्त्याला, गाव संपतं तिथे आमचे छत्तीस वाफे.
बारा वाण, प्रत्येकाला तीन जागा,
त्याही चिठ्ठ्या टाकून;
बऱ्या मातीचा लाडका कुणी व्हायला नको.
लावताना एक पाणी दिलं, मग पाइप गुंडाळून ठेवला.
पुढचं काळ्या मातीनं आपल्या ओलीवर निभवायचं.

माघात भेगा अशा, की धापूबाईचं खुरपं
दोनदा आत पडलं.
ती काढते, मी तोलते.
सात नंबर तडकलेला.
अकरा कापला तर आत पोकळ, काळसर, जीभ लावू नये असा.
चार नंबर चौदा किलो दोनशे,
गोरा, गुळगुळीत, डोळे उथळ;
टोपलीत ठेवला की टोपलीच बरी दिसते.
नऊ नंबर आठ किलो शंभर. लिंबाएवढे.
मी काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला.
आठ किलो शंभर.

मग मिठाच्या पाण्याची बादली.
चार तरंगला, सुट्टीवर आल्यासारखा.
नऊ सोडला
आणि तळाशी टक् झालं.
चकत्या तळल्या: चार कडेनं करपट,
नऊ फिकट, जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाचा,
थंड झाल्यावरही मोडताना वाजणारा.

“इको नाम कई?” धापूबाईनं विचारलं.
नाव नाही, म्हटलं. निवडला गेला तर देतील.
ती हसली, पदरानं कपाळावरची माती आणखी पसरवत.
घरात ती पाचवी मुलगी.
धापू म्हणजे धालो, आता पुरे.
“म्हणजे मला न निवडताच मिळालं,” म्हणाली,
आणि पुढच्या सरीकडे सरकली.

संध्याकाळी रेशीमवाले सरांचा फोन:
सरासरी सांगा फक्त.
सांगितली. चार वर, नऊ खालून तिसरा.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद,
त्यात लिहिलं: बुडतो.

मोजून झालेला माल मजुरांना वाटायची रीत आहे.
धापूबाईनं चार नंबरकडे पाहिलंही नाही,
ओढणीत नऊ बांधून नेला.
दुसऱ्या दिवशी विचारलं, कसा होता?
राखेत भाजला, म्हणाली. भुसभुशीत.
मीठसुद्धा मागत नव्हता.
मग बोटांवर घरची माणसं मोजत:
पण पुरला नाही.

मी तक्ता उघडला, हेही कुठे लिहावं म्हणून.
ते तिथे होतंच,
पहिल्याच रकान्यात, माझ्याच अक्षरात:
आठ किलो शंभर.